स्वतःविरुद्धचं भाषण

वर्षाचा शेवटचा महिना, दिवस आठवा

लिसिलाताईस,

पाच वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. मीठवाला गाढव घेऊन तुमच्या मेगाराला परत निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. तुझ्याच हातात दे, तुझ्या नवऱ्याच्या नको, असं त्याला बजावलंय. राग मानू नकोस. मोलोनभाऊजींच्या हातात पडलं तर ते आधी त्यालाच विचारत बसतील की पत्र म्हणजे नेमकं काय, आणि तो बिचारा दिवेलागणीपर्यंत सुटायचा नाही.

कामाचं सांगते. माझा फैदिमस अठराचा झाला. पुढच्या महिन्यात गावसभेत त्याचं नाव यादीत लागायचं आहे. बाप शपथ घेतो, गावकरी मत म्हणून खडे टाकतात, नाव चढतं. सगळ्यांच्या पोरांचं होतं, सकाळी सुरू होऊन जेवणाच्या आत उरकतं. पण यंदा बुसेलस आडवा आलाय. आमच्या खालच्या शेताचा बुसेलस, ज्याचं पावसाचं पाणी यांनी बांध घालून अडवलं तो. गावभर सांगत सुटलाय की मी आईची मुलगीच नाही. आपल्याकडे ती परक्या थ्रेस देशाची दाई होती ना, लाल केसांची, ती म्हणे माझी आई. तुझ्यानंतर आठ वर्षं आईची कूस उजवेना, म्हणून बाबांनी दाईचं पोर आईजवळ नेऊन ठेवलं.

आई-बाप दोघंही इथल्या नागरिकांच्या लग्नाचे नसतील तर पोरगा नागरिक नाही, हे तुला माहीत आहे. नाव लागलं नाही तर शेत त्याचं नाही आणि सभेत तोंड उघडायची सोय नाही. निकालाविरुद्ध शहराच्या न्यायालयात गेला आणि तिथंही हरला, तर बाजारात उभा करून विकतात. माझ्या फैदिमसला, ज्याला अजून स्वतःच्या चपला सापडत नाहीत.

निकोबुलस म्हणतात घाबरू नका. निकोबुलस म्हणजे फैदिमसचे गुरू. तू नाक मुरडशील, पण एकदा ऐकून बघ त्यांना. जांभळा झगा, बोटात तीन अंगठ्या, आणि बोलायला लागले की रस्त्यातलं गाढवसुद्धा थांबतं. कोणत्याही गोष्टीच्या दोन्ही बाजू ते सारख्याच जोरात मांडतात. फैदिमससाठी असं भाषण लिहून देणार आहेत की बुसेलसला पळता भुई थोडी होईल.

तरी तुझ्याकडे मागणं आहे. तू आठ वर्षांची होतीस. आईला कळा आल्या, मी झाले, तू पाहिलंस. एवढं भाऊजींना सांगून त्यांना सभेला पाठव. ते अजून आपल्याच गावच्या यादीत आहेत, त्यांना बोलता येतं. बायकांना तिथं कोण विचारतंय.

बुसेलसला हे कुठून सुचलं, देवीच जाणे.

तुझी
मिक्का

महिना सरायला पाच दिवस

ताई,

तुझं उत्तर मिळालं. वाचलं, आणि चुलीवरची डाळ करपेपर्यंत नुसती बसून राहिले.

“मी तुझा जन्म पाहिला नाही. मला शेजारी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर तू आईच्या कुशीत होतीस. मला एवढंच माहीत आहे.” अगं, एवढंसं खोटं बोलायला तुझं काय जात होतं? लहानपणी बाबांचा मधाचा रांजण तू फोडलास आणि मांजरानं फोडला म्हणालीस, तेव्हा बरी जीभ वळली. लग्नानंतर माणूस बदलतं ते असं.

आणि खाली भाऊजींच्या अक्षरात ती एक ओळ. “बुसेलसला हे कोणाकडून कळलं?” ना क्षेम ना कुशल. पाच वर्षांनी मेव्हणीला एक ओळ लिहायची, तर ही.

बरं, ऐक. कोणाकडून तरी कळलंय खरं. फैदिमसकडूनच.

अशी डोळे वटारून बघू नकोस पत्राकडे. वसंतात निकोबुलसांनी शिष्यांची परीक्षा ठेवली, आमच्याच ओसरीवर. गावची पाचपंचवीस माणसं जेवायला होती, बुसेलसही होता आणि आमची बाम मासळी दोनदा मागून खात होता. निकोबुलस म्हणाले, “ज्याला स्वतःविरुद्ध जिंकता येतं, तो कोणाहीविरुद्ध जिंकतो. प्रत्येकानं स्वतःला सगळ्यात अवघड जाईल तो पक्ष घ्या.” दुसऱ्या पोरांनी असंच काहीबाही घेतलं. एकानं आपण भित्रे आहोत हे सिद्ध केलं, ते तसंही सगळ्यांना माहीत होतं. आमच्या शहाण्यानं विषय घेतला, ‘मी नागरिक नाही’.

तुझ्या-माझ्यात आठ वर्षांचं अंतर, माझे लाल केस, लाल केसांची दाई, लढाईमुळे मळ्यावर जाऊन राहिलेलं कुटुंब, जिथं शेजारपाजार कमी. एकेक गोष्ट खरी, आणि प्रत्येकीनंतर, “सांगा, असं होणं शक्य नाही का?” निकोबुलसांनी उठून मिठी मारली त्याला. मी आत होते, माशांच्या गडबडीत. मी काही ऐकलं नाही.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बुसेलसचं स्वतःचं डोकं ते केवढं, पण ऐकलेलं पाठ छान होतं मेल्याला. आता तेच शब्द, त्याच क्रमानं, विहिरीवर म्हणून दाखवतो.

मी निकोबुलसांना म्हटलं, तुमच्या परीक्षेपायी हे झालं. ते हसले. “बाई, ज्या भात्यातून तो बाण निघाला त्यातच उलटा बाणही आहे.” मी विचारलं, पण खरं काय आहे याची चौकशी करायची का कुठे? तर म्हणाले, “खरं काय यावर खडे पडत नाहीत. खरं काय वाटतं यावर पडतात.” तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

भाऊजींना यायचं तर येऊ देत. बाबांच्या तेराव्याला सगळे जेवायला बसलेले असताना मी जे बोलले ते माझ्या लक्षात आहे. “भाऊजी फुकट शिकवतात, कारण त्यांची विद्या विकत कोण घेणार?” असं म्हणाले होते मी, सगळ्यांसमोर. तू पान टाकून उठलीस. तेव्हा बरोबरच बोलले असं वाटलं होतं. आता काय वाटतं ते विचारू नकोस, मला धड माहीत नाही.

एक सांग मात्र. आई गेली तेव्हा मी लहान, नीट आठवत नाही; तिचे हात कसे होते? बोटं माझ्यासारखी आखूड होती का?

मिक्का

नव्या वर्षाचा पहिला महिना, दिवस बारावा

ताई गं,

लागलं. नाव लागलं. सदुसष्ट खडे पडले, त्यातले चार विरुद्ध. जीव भांड्यात पडला बघ. सकाळपासून मी तीनदा हसले, दोनदा रडले, आणि यांच्याशी विनाकारण गूळ घातल्यासारखं गोड बोलले, तर ते घाबरून शेतावर निघून गेले. आता नीट बसून सगळं लिहिते.

भाऊजी परवा आले. अनवाणी, झग्याला तेच भोक, आता मोठं झालंय. मेव्हणीच्या घरी आधी येऊन पाय धुवावेत की नाही? नाही. हा माणूस गावाच्या वेशीतून शिरला आणि तिथूनच म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारोदार फिरला. कोणाच्या गोठ्यात बसतोय, कोणाच्या ओट्यावर. मला दुपारपर्यंत चार बायकांनी येऊन सांगितलं, “तुझे भाऊजी आमच्या सासऱ्यांना तुझ्या जन्माचं विचारत होते.” मी तापले. म्हटलं, हे आमच्या बाजूनं आलेत की बुसेलसच्या? संध्याकाळी घरी आल्यावर तेच तोंडावर विचारलं. ते शेंगा सोलायला घेत म्हणाले, “अजून कळलं नाही.” देवीशपथ, ती परडी मी त्यांच्या डोक्यावर उलटी करणार होते.

सभा देमेतर देवीच्या देवळासमोर भरते. बायकांना मज्जाव, पण देऊळ झाडायला कोण अडवणार? मी झाडू घेऊन आत गेले. देवीचा उंबरठा एवढा चकाचक गेल्या शंभर वर्षांत झाला नसेल.

यांची शपथ झाली, मग आधी बुसेलस बोलला. आठ वर्षांचं अंतर, लाल केस, लढाई, मळा. शेवटी हात पसरून, “सांगा, असं होणं शक्य नाही का?” हातसुद्धा माझ्या पोरानं पसरले होते तसेच. माना हलल्या.

मग फैदिमस उभा राहिला. निकोबुलस परगावचे, म्हणून रिंगणाबाहेर, ऑलिव्हच्या झाडाखाली उभे होते आणि फैदिमसच्या शब्दाबरोबर त्यांचेही ओठ हलत होते. भाषण काय होतं म्हणून सांगू. केस लाल असतात ते सूर्याच्या कृपेनं, मूल उशिरा होतं ते देवांच्या मर्जीनं. मी आत झाडू छातीशी धरून उभी. आणि तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, “पोरा, वसंतात यापेक्षा छान बोलला होतास.”

सगळी सभा हसली. ताई, तिथं मला कळलं. तो जितकं चांगलं बोलत होता तितका बुडत होता. ज्या तोंडानं ‘मी नागरिक नाही’ इतकं सुंदर पटवलं, त्याच तोंडावर आता विश्वास कोण ठेवणार? पोराचा आवाज चिरकला. त्यानं मधलंच एक वाक्य दोनदा म्हटलं आणि गप्प झाला. निकोबुलस झाडाखालून पुढचा शब्द पुरवत होते, पण त्याला दिसत नव्हतं.

तेव्हा मोलोनभाऊजी उठले. दोघेतिघे कुजबुजले, आले प्रश्नवाले. भाऊजी बुसेलसकडे वळले.

“बुसेलस, तू जे सांगितलंस ते तुला कोणी सांगितलं?”

“सगळ्या गावाला माहीत आहे.”

“गावाला नंतर विचारू. तुला कोणी सांगितलं?”

“या पोरानंच. स्वतःच्या तोंडानं. बाम मासळीच्या जेवणाला.”

“आणि याला कोणी सांगितलं होतं?”

“ते मला काय माहीत? त्याला विचार.”

भाऊजींनी फैदिमसकडे पाहिलं. आवाज अगदी घरातला, शेंगा सोलताना असतो तसा. “फैदिमस, तुला कोणी सांगितलं होतं?”

“कोणीच नाही, काका. मी रचलं.”

“मग आत्ता जे बोललास, तुझी आई नागरिकाची लग्नाची मुलगी आहे, ते तुला माहीत आहे?”

मी मनात म्हणत होते, हो म्हण मूर्खा, हो म्हण. निकोबुलस तर मान हलवून हलवून थकले. फैदिमस खाली बघत म्हणाला, “नाही काका. मला वाटतं. पण मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.”

माझ्या हातातला झाडू पडला. संपलं सगळं, असंच वाटलं मला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय. पण बाहेर हसायचं थांबलं होतं. त्या पोराचं एवढं एक वाक्य त्या लोकांनी कान देऊन ऐकलं, बाकी सगळा तमाशा म्हणून ऐकला होता.

भाऊजी म्हणाले, “बुसेलसला माहीत नाही. फैदिमसला माहीत नाही. माझी बायको याच्या आईची सख्खी बहीण, तिला शेजारी पाठवलं होतं, तिनं जन्म पाहिला नाही. मला तर मुळीच माहीत नाही. आणि आपण आता एका पोराच्या आयुष्यावर खडे टाकणार. इथं कोणी असा आहे का, ज्यानं ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे?”

जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. भाऊजी नुसते उभे, जणू आणखी संध्याकाळपर्यंत उभे राहायचंय.

मग मागच्या दगडावरून म्हातारा एम्पेदस उठला. डोंगरावर शेळ्या घेऊन राहतो तो, दात गेलेला, सभेलासुद्धा वर्षातून एकदाच उतरतो. उठायलाच त्याला इतका वेळ लागला की लोक माना वळवून बघायला लागले.

“मळणी चालली होती,” तो म्हणाला. “ती तांबड्या केसांची दाई माझ्या कुंपणावरून उडी मारून आली. माझी आई सुईण होती. दाई म्हणाली, चला लवकर, मालकीणबाई अडलीय. आई पुढे, मी आईची पिशवी घेऊन मागे, दाई माझ्याबरोबर. आई आत गेली. आम्ही दोघं ओसरीवर. दाई धापा टाकत माझ्याशेजारी उभी, आणि आत पोर रडलं.” त्यानं दम घेतला. “मी शेळ्या राखणारा माणूस, मला भाषण येत नाही. पण जी माझ्याशेजारी उभी आहे ती आत बाळंत होत नाही, एवढं मला कळतं.”

आता हसले ते वेगळं हसले. बुसेलस म्हणाला, “मग केस लाल कसे?”

“पोराच्या आईच्या आजीचे होते तसे. तुझ्या आजीनं विहिरीवर तेच केस धरून भांडण केलं होतं. तेही पाहिलंय मी.”

“आणि इतके दिवस बोलला नाहीस?”

“मी वर असतो. आणि आज कोणी विचारलं नव्हतं आत्तापर्यंत. सगळे बोलतच होते.”

म्हाताऱ्यानं देवीवर हात ठेवून शपथ घेतली. तो देवळात आला तेव्हा मी खांबाआड उभी होते. त्यानं मला पाहिलं, आणि तोंड मिटूनच हसला. मग खडे पडले.

निकोबुलस सभेनंतर सगळ्यांशी हात मिळवत फिरत होते. मुद्दाम भाषण मध्येच तुटू दिलं, म्हणे, सभेला दया यावी म्हणून. आता शहरात जाऊन हा विजय स्वतःचा म्हणून सांगतील. सांगू देत. मला आज कोणाचाही राग येत नाहीये. बुसेलसच्या शेताचं पाणीसुद्धा उद्या सोडायला सांगणार आहे यांना.

मिक्का

दिवस पंधरावा

ताई,

भाऊजी उद्या निघतील, त्यांच्याच हाती हे दोन्ही कागद. वाचणार नाहीत म्हणालेत. आणि या माणसानं म्हटलं की मी विश्वास ठेवते, अशी माझी गत झालीय.

आता जे लपवलं ते सांगून टाकते. त्या वसंतातल्या जेवणाला मी आत माशांच्या गडबडीत नव्हते. दाराआड उभी राहून शब्दन् शब्द ऐकला. पोराचं भाषण संपलं आणि सगळ्यात आधी टाळी वाजवली ती मी. माझा मुलगा किती छान बोलतो म्हणून. ऐकू गेली नसेल कोणाला, पण वाजवली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना पितळी आरशात बघितलं, तर मला दाई दिसली. ताई, पोरानं मला पटवलं होतं. बाकी गाव नंतर. चार महिने मी या घरात चोरासारखी वावरले. आईनं मला मांडीवर घेतल्याचं काहीही आठवलं की लगेच त्याचा आवाज यायचा, “असं होणं शक्य नाही का?” यांना सांगायची सोय नव्हती, फैदिमसला तर नाहीच. तुला ते बोटांचं विचारलं ते म्हणूनच. पोरासाठी विचारत होते हे खरं, पण त्यातलं अर्धं माझ्यासाठी होतं.

एम्पेदस बोलला तेव्हा मी पोर सुटलं म्हणून रडले नाही, ते नंतर. आधी रडले ती आत जे पोर रडत होतं त्यासाठी. ती मी होते.

फैदिमसनं काल माझ्यासमोर बसून सांगितलं, “आई, ते बोलताना मला मजा येत होती. तू कोण आहेस याचा विचारच आला नाही.” मी म्हटलं, मलाही नाही आला रे. आता तो भाऊजींबरोबर मेगाराला यायचं म्हणतोय, शिकायला. भाऊजींनी हो म्हटलेलं नाही. कशासाठी, म्हणून विचारलंय, आणि पोरगा तीन दिवस उत्तर शोधतोय. बरं आहे, तेवढाच गप्प.

आज दुपारी ओसरीवर भाऊजी झग्याचं भोक शिवत होते. मी सुई हिसकावून घेतली, पाच वर्षांची माफी मागायला दुसरं काही सुचलं नाही. शिवता शिवता म्हटलं, “भाऊजी, एम्पेदस काय सांगणार ते तुम्हाला आधी माहीत होतं ना?”

“नाही. तो डोंगरावर होता. भेटलाच नाही.”

“म्हणजे भर सभेत, माझ्या पोराचं सगळं पणाला लागलेलं असताना, उत्तर माहीत नसताना विचारलंत?”

“उत्तर माहीत असतं तर विचारलं कशाला असतं?”

बोट टोचून घेतलं मी. पण राग आला नाही. जरा वेळानं लक्षात आलं की म्हणूनच मला झोप लागतेय. ते माझ्या बाजूनं आले असते आणि निकोबुलसांपेक्षा सरस बोलून जिंकले असते, तर नाव लागलं असतं, पण आरशातली दाई गेली नसती. जिंकलो म्हणून खरं की खरं म्हणून जिंकलो, हा किडा डोक्यात राहिलाच असता.

मग मी ते विचारलं जे विचारायची भीती वाटत होती. “आणि म्हातारा उलटं बोलला असता तर?”

“तर माझा खडा विरुद्ध पडला असता.”

“सख्ख्या भाच्याविरुद्ध?”

“हो.” त्यांनी धागा दातानं तोडून दिला. “आणि वर न्यायालयात जाऊ दिलं नसतं. त्याच संध्याकाळी तुम्हा सगळ्यांना घेऊन मेगाराला निघालो असतो. लिसिलानं मी निघायच्या आधीच तीन खाटा टाकून ठेवल्यात. तुझी तिच्या खोलीत, खिडकीजवळ.”

ताई, यातलं एक अक्षर तू पत्रात लिहिलं नाहीस. जे पाहिलं नाहीस ते पाहिलं म्हणाली नाहीस, आणि मी तुझी कोण आहे हे ठाऊक नसताना माझी खाट टाकलीस.

काढू नकोस ती. अंजिरं उतरली की मी येतेच.

तुझी बहीण
मिक्का